सरूबाई, पहिला सिनेमा कोणता लावू?

प्रिय सरूबाई,

आपल्या संसारात पत्राची वेळ कधी आलीच नाही. तंबूच्या एका टोकाला पुरुषांत मी, दुसऱ्या टोकाला बायांत तू, मध्ये पडदा. काही सांगायचं झालं तर तू पडद्याच्या कडेनं मुंडकं काढून ओरडायचीस, "गज्या, तुया इंजनाले सांग जरा गप बसायले!" अख्खा तंबू हसायचा. आता ओरडून भागत नाही, म्हणून लिहायला बसलो.

अगं, ब्रह्मपुरीत आपलं पक्कं टाकीज उभं राहिलं! विटांच्या भिंती, वर पत्रे, दाराला रंग. पावसाला भ्यायचं नाही, वाऱ्याला भ्यायचं नाही, दोर ओढायचे नाहीत. रंग अजून ओला आहे आणि मी दिवसातून चारदा हात लावून पाहतो. मिस्त्री म्हणतो, "मालक, तुमच्याच हातानं दार खराब होऊन राह्यलं." आपला मशीनवाला मिस्त्री गं, तोच. मला मालक म्हणतो आता! बांबू तोडणारा गज्या, तंबूचे खुंटे ठोकणारा गज्या, बैलबंडीत बसून भोंग्यावर ओरडणारा गज्या, आणि हा मालक. तू ऐकलं असतंस तर दोन दिवस हसली असतीस.

पण घोडं अडलं होतं. सिनेमाच्या पेट्या भाड्यानं देणारे नागपूरचे एक बाबू इथं येऊन बसले होते. आज सकाळच्या मोटारनं ते परत जाणार होते, आणि त्याआधी त्यांना माझ्या तोंडून एक नाव पाहिजे होतं. सलामीचा सिनेमा कोणता? तूच सांग, हे मी कोणाला विचारणार? तुझ्याशी भांडल्याशिवाय मी कधी एक तरी सिनेमा ठरवला होता का?

आणि हा साधा प्रश्न नाही, बाई. नव्या टाकीजात बायका पडद्यामागं बसणार नाहीत. पुढं बसतील, पुरुषांच्याच बाजूला, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. गावात कुजबुज चालू झाली आहे. पहिल्या आठवड्यात बाया आल्या तर आल्या. नाही आल्या, तर "ते गडीमानसांचं ठिकान हाये" असा शिक्का बसेल, आणि एकदा बसलेला शिक्का मी जन्मभर भोंग्यावर ओरडलो तरी निघायचा नाही. म्हणजे सिनेमा असा पाहिजे, की बाया घरून निघाल्या पाहिजेत आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन परत आल्या पाहिजेत.

बाबू म्हणाले, "गजाननराव, सलामीला तलवार पाहिजे. तलवार म्हणजे गर्दी!" आता मारामारीचा सिनेमा मला आवडतो हे तुला काय सांगू? तो किल्ल्याच्या बुरुजावरचा सिनेमा मी किती वेळा पाहिला असेन! पाहिला म्हणजे ऐकला. मी वीज करणाऱ्या इंजनापाशी उभा, अर्धा जीव त्याच्या पट्ट्यात अडकलेला. डोळ्यांनी सिनेमा बघायला मला फुरसत कुठं होती? पण माझं मत पक्कं आहे. चांगल्या मारामारीत पायांचा आवाज असतो. पाय घासतात, दम लागतो, मग तलवार लागते. वाईट मारामारीत नुसते डबे वाजतात. बुरुजावरच्या सिनेमात पाय होते! तू म्हणायचीस, "दोघं बी येवढे हुशार, तं बसून बोलत काऊन नाई?" 

जंगलाच्या सिनेमाचं मात्र आपलं दोघांचं एकमत. आठवतं ना, भामरागडकडच्या त्या गावात मोठ्या हौसेनं लावला होता? म्हटलं, जंगलातल्या माणसांना जंगलाचा सिनेमा. हिरोवर वाघ चालून आला आणि सगळा तंबू खो खो हसायला लागला! पुढच्या रांगेतला म्हातारा उठून म्हणाला, "ह्या वाघाले कोनी तरी जेवू घाला रे, पाय उचलत नाई त्याचा." माझे कान तर आधीच उभे राहिले होते. पडद्यावर भर दुपार, आणि मागं रातकिडे! आणि तू पडद्यामागून: "वाघ राहू द्या, बाईले पाहा. इतकी पळून राह्यली, एक काटा नाई रुतला तिले!" तेव्हापासून मी ठरवलं, जंगल दाखवायचं असेल तर ते शहरात दाखवावं.

देवाधर्माचा सिनेमा लावावा का? बाया नक्की येतील. चपला बाहेर काढतील, नारळ फोडतील, पडद्यासमोर उदबत्त्या लावतील, आणि मिस्त्री आगीच्या भीतीनं घाम पुसत बसेल. पण देवाचा सिनेमा म्हटला की मला त्या मंडईच्या जत्रेतला गोंधळच आठवतो. पडदा ओला करून आपण चित्र पलीकडं उमटवायचो, म्हणून बायांच्या बाजूला सगळं उलटं दिसायचं. देवानं हात वर केला आणि मागं एकच कल्लोळ! "देव डाव्या हातानं आशीर्वाद देते काय? पाप नाई लागत का?" चारपाच जणी उठून चालल्यासुद्धा होत्या. मी धावत आलो तर तू शांतपणे फुटाणे चघळत सांगत होतीस, "बसा वो बायांनो. सकाळपासून आशीर्वाद देऊन राह्यला तो, उजवा हात दुखला असंल." बसल्या की गं सगळ्या! माझा धंदा तू त्या एका वाक्यानं वाचवलास. पण खरं मत सांगू? देवाच्या सिनेमात पुढं काय होणार ते माहीत असतं. नमस्कार होतो, श्वास अडकत नाही.

भुताचा सिनेमा तर तू माझ्यासाठी कायमचा बिघडवून ठेवलास. काय छान होता तो! पडका बंगला, वारा, दूरवरून येणारी पैंजणांची छुमछुम. मला ती छुमछुम इंजनाच्या धडधडीतसुद्धा ऐकू यायची आणि अंगावर काटा यायचा. तंबूत कोणी जागचं हलत नव्हतं. आणि तुझा आवाज: "मेली तरी पायातले कोनी काढले नाई? कसे नातेवाईक होत बापा!" झालं. त्यानंतर मला कुठल्याही भुताची भीती वाटली नाही. आधी दागिनेच दिसायचे.

हसायचा सिनेमा? मी तर म्हणेन सगळ्यांत अवघड काम ते. रडवायला एक मेलेली आई पुरते, हसवायला वेळ साधावी लागते. त्या दोन भाडेकरूंच्या सिनेमात जाडा माणूस खुर्चीवर बसतो ना, तिथं तो बसायच्या आधी जरासा थांबतो. त्या थांबण्यात सगळी मजा! तू मात्र आदल्या खेळाला पाहिलेलं असल्यामुळं आधीच हसायला लागायचीस, तुझ्यामागं बाया, आणि पुरुष विचारात पडायचे की आपलं काय हुकलं. बिचारा जाडा पुढं बसून मोकळा व्हायचा आणि कोणी लक्षच द्यायचं नाही.

तर हे असं. काल दुपारपर्यंत माझं ठरलं होतं, बुरुजाचा सिनेमा. पायांचा आवाज, गर्दी, बाबू खूश. पण बाबूंच्या पेट्यांत मला ती एक पेटी दिसली. डाकबंगल्यातल्या स्वयंपाकिणीची.

ज्यावरून आपण आपल्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं भांडण केलं, तो सिनेमा!

गोष्ट तुला पाठ आहे, तरी सांगतो, मला सांगायला आवडते. पोर लहानपणी पुरात हरवतं. आई पुढं डाकबंगल्यात स्वयंपाकाला राहते. खूप वर्षांनी एक तरुण साहेब मुक्कामाला येतो, तोच तो पोरगा. ती त्याला जेवू घालते, त्याचे कपडे वाळत घालते, आणि शेवटी तो जायला निघतो तेव्हा त्याच्या गळ्यातला ताईत दिसतो आणि ती त्याला कवटाळते. माझं म्हणणं काय होतं? शेवट जबरदस्त, मधला भाग मेलेला. नुसतं वाढणं आणि वाळत घालणं! मधल्या रिळांना मी इंजनाकडं तोंड करून विडी ओढायचो.

आणि तू म्हणायचीस, "तुले समजलाच नाई सिनेमा. तिनं पहिल्याच दिवशी वळखलं त्याले."

"कुठं वळखलं? ताईत तं शेवटी दिसते!"

"ताट वाढताना वळखलं. मले आयकू आलं."

"आयकू आलं? बाई, कान माह्ये तिखट हायेत का तुये?"

"तुये कान इंजनाले लावले हायेत. इकडं येऊन बस अन् मंग बोल."

इतकं भांडलो की दोन दिवस तू माझ्या ताटात भाजी वाढलीस ती न बोलता. मी कधी तिकडं येऊन बसलो नाही. इंजन सोडून कसा येणार? आणि बायांच्यात पुरुषानं बसायचं कसं? मग आपली ती मोसमाची अखेर आली, आणि मग तूच राहिली नाहीस.

काल संध्याकाळी मिस्त्रीला म्हटलं, जुना तंबू अजून गुंडाळायचा आहे, त्यात एकदा ही पेटी लाव. पडदा ओला कर, आवाजाचा कर्णा नेहमीच्या जागी ठेव, बायांच्या बाजूला, पडद्याच्या पायथ्याशी. बाबू म्हणाले, "कोणासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." आणि मी जाऊन तुझ्या जागेवर बसलो. रिकाम्या तंबूत, मांडी घालून. सगळं उलटं दिसत होतं. साहेबाचा भांग भलत्याच बाजूला! इंजन इथून किती दूर, किती बारीक! आणि कर्णा तर अगदी गुडघ्याजवळ. पडद्यावरची माणसं माझ्याशीच बोलत होती.

ताटाचा प्रसंग आला. ती वाकते, भात वाढते, साहेब मान वर न करता म्हणतो, "मीठ आहे का?" बस, एवढंच. तिचं तोंड दिसत नाही, पाठ दिसते. आणि बाई, तिनं श्वास घेतला. आत ओढलेला, आणि तसाच धरून ठेवलेला. मग अगदी हळू सोडलेला. मग म्हणते, "आणते."

मी उठून उभाच राहिलो! ओरडलोसुद्धा. मिस्त्री घाबरून मशीन बंद करायला निघाला, त्याला वाटलं पडदा पेटला. "चालू ठेव!" म्हटलं. "चालू ठेव रे बाबा!"

पुढचा सगळा सिनेमा वेगळाच निघाला की गं. ज्या रिळांना मी विड्या ओढल्या तोच खरा सिनेमा! आता तिला माहीत आहे, आणि ती वाढते आहे. माहीत आहे, आणि त्याचा सदरा पिळते आहे. तो बोलतो, आणि ती दाराआड उभी राहून ऐकते. सांगितलं तर त्याला कमीपणा येईल म्हणून सांगत नाही. शेवटचा ताईत तिच्यासाठी नाहीच, तो फक्त त्या पोरासाठी आणि माझ्यासारख्या बहिऱ्यांसाठी! पुरुषांच्या बाजूला ओल्या कापडानं आणि इंजनानं तो श्वास गिळून टाकला होता. सगळ्या मुलखात तो ऐकला फक्त बायांनी.

म्हणजे भांडण तू जिंकलीस. पण बाई, आता मला एक विचारू दे. त्या शेवटच्या मोसमात तू रोज त्याच जागी बसलीस, रोज मला जेवू घातलंस, आणि "पोटात जरा दुखते" याच्यापुढं एक शब्द बोलली नाहीस. तुला ठाऊक होतं ना गं? कधीपासून? मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस का? की मी टाकीजाच्या विटा आणायच्या घाईत होतो म्हणून तूही नुसती वाढतच राहिलीस? मला हे बरं वाटलं नाही. आणि राग धरायलाही तू जागा ठेवली नाहीस.

असो. रडायला बसलो नव्हतो मी. काल तर मला आनंदानं झोप लागली नाही! पहाटे उठून सरळ बाबूंच्या खाटेपाशी गेलो. म्हटलं, "बाबू, स्वयंपाकीण."

बाबू उठून बसले. "सलामीला? गजाननराव, तलवार सोडून ताट? पुरुष अर्ध्यातून उठून जातील."

"जाणार नाहीत. जात होते, कारण ऐकू येत नव्हतं."

"आणि समजा गेले तर?"

"तं जाऊ द्या. बाया बसतील, अन् घरी जाऊन त्याहिले विचारतील, तुम्हाले आयकू नाई आलं काय? मंग दुसऱ्या दिवशी सगळे येतील आयकाले."

बाबूंनी माझ्याकडं पाहिलं, मग हसले. म्हणाले, "धंदा शिकवता काय मला?" पण पेटी इथं ठेवूनच मोटारीत बसले.

नव्या टाकीजात पडदा कोरडा आहे, बाई, बारीक भोकांचा. कर्णा त्याच्या बरोबर मागं, मधोमध. इंजनाला मी पार आवाराच्या कोपऱ्यात वेगळी खोली बांधली, जाड भिंतीची. आज मिस्त्रीला शेवटच्या बाकावर बसवलं आणि पडद्यामागं उभा राहून मी नुसता श्वास घेतला. विचारलं, "आयकू आलं?" तो म्हणाला, "मालक, तुम्हाले दमा झाला काय?" आलं म्हणजे ऐकू!

आता एक शब्द देतो तुला. पहिल्या दिवशी मी इंजनाकडं फिरकणार नाही. हार, नारळ, गावची मोठी माणसं, सगळं मिस्त्री बघेल. ताटाचा प्रसंग आला की मी बायांच्या बाकांमागच्या भिंतीला टेकून उभा राहीन, डोळे मिटून. मला एकच ऐकायचं आहे. कोणीतरी एक बाई शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणेल, "वळखलं वो तिनं." आणि पहिल्या दिवशी कोणीच नाही म्हणालं, तर दुसऱ्या दिवशी उभा राहीन. तिसऱ्या दिवशी उभा राहीन. ते ऐकल्याशिवाय पडद्यावर तलवार येणार नाही.

तुझाच, आता नीट ऐकायला शिकलेला,
गज्या