शून्य रुपयांची पावती

तीर्थस्वरूप राहीआक्कास,

धाकट्या बिभीषणचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा दमा आणि तुमची तांबडी गाय, या क्रमाने सगळ्यांची खुशाली कळव. इकडे श्रीगोंद्यात आम्ही ठीक. सहा वर्षांपूर्वी तू मला दिलेली किडनी पुन्हा मजेत आहे (मधे थोडी रुसली होती, शेवटी तुझीच ती).

झालं असं, की आपले जुने डॉक्टर गेले आणि नवे म्हणाले, ऑपरेशनचे कागद पाहिल्याशिवाय मी एकाही गोळीला हात लावणार नाही. कागद कुठले? पोळ्याला घर रंगवताना कडूबाईने ते चुन्याच्या बादलीखाली अंथरले होते (बायकोच असल्याने मी फार बोललो नाही). तिकडे किडनीचा आकडा वाढत चाललेला. मी मनातून पार घाबरलो होतो. दवाखान्यातून कागद काढायचे म्हणजे वशिला हवाच, असं धरून मी पंधरा दिवस चिठ्ठ्या जमवल्या. एक सरपंचांची, एक साखर कारखान्याच्या संचालकांची, वर रहिवासी दाखला (तो कशाला, हे देणाऱ्यालाही कळलं नाही).

नगरला आपलं ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात, कागदांच्या खिडकीवर रेश्माबाई म्हणून होत्या. चिठ्ठ्या त्यांनी उघडल्याच नाहीत. आधार कार्ड पाहिलं, अर्जावर सही घेतली आणि तासाभरात एकशे बारा पानं हातात ठेवली. पैसे विचारले तर म्हणाल्या, "काही नाही काका, तुमचेच कागद आहेत." आक्का, माझा विश्वासच बसेना. फुकटचा कागद डॉक्टर खरा मानतील का? मी पावतीसाठी अडून बसलो. रांग ओरडायला लागली, तेव्हा त्या माउलीने 'शून्य रुपये मिळाले' असं लिहून शिक्का मारून दिला. डॉक्टरांनी पावती बाजूला सारली, आतलं वाचलं आणि एक गोळी बदलली. आकडा उतरला. त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. परवा बागेतली पिशवीभर लिंबं देऊन आलो.

तुझा (आणि तुझ्याच जिवावर जगणारा)
बिभीषण

ता. क. – फाइलीत चौऱ्याण्णवाव्या पानावर लिहिलंय, 'किडनी देणाऱ्या बहिणीने दरवर्षी रक्तदाब, रक्त, लघवी तपासून घ्यावी.' सहा वर्षांत तू एकदाही गेली नाहीस आणि मी एकदाही विचारलं नाही. फार लाज वाटली गं. तुझीही फाइल मागितली, तर रेश्माबाई म्हणाल्या, ती बहिणीलाच मिळेल, त्यांना घेऊन या. सरपंचांची चिठ्ठीही चालली नाही.

आणखी ता. क. – सोमवारी पारनेरहून पहिली एसटी धर. तपासणीचा नंबर लावलाय, स्टँडवर मी उभा असेन. "मला काय धाड भरलीय?" असं तू म्हणायच्या आत इथवर वाचावंस, म्हणूनच एवढं पत्र लांबवलं. फक्त पावती मागू नकोस. दोन किडन्या आपण दोघांत चालवतो, तर एक पावतीही चालेल.