हॉलरॉइड सरांचं कस्टर्ड

प्रिय मॅविस,

गुडघा कसा आहे? काठी टेकायला दिली आहे, शेजाऱ्यांच्या मांजरावर उगारायला नाही. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

आपली हेदरशॉची शाळा पाडणार आहेत. ती बंद पडली, मग तिथे गालिच्यांचं दुकान निघालं, आता फ्लॅट होणार. गावाने शाळेच्या इतिहासाची पुस्तिका काढायचं ठरवलं आणि ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं. महिनाभर मुख्याध्यापकांच्या रोजनिश्या वाचतेय. युद्धात लंडनहून आलेली मुलं, थंडीत दौतीत गोठलेली शाई, शेवटी हुशार मुलांच्या ग्रामर स्कूलमध्ये झालेलं विलीनीकरण, सगळं त्यात आहे. अकराव्या वर्षीच्या त्या एका परीक्षेत नापास झालेल्यांची शाळा म्हणून गाव आपल्याला नाक मुरडायचं. मला मात्र जे काही मिळालं ते तिथेच मिळालं.

गृहशास्त्राच्या वर्गामागच्या त्या दोन खोल्या आठवतात? शाळा सोडण्याआधी मुलींच्या प्रत्येक जोडीने आठवडाभर तिथलं घर चालवायचं आणि शुक्रवारी मुख्याध्यापक हॉलरॉइड सरांना जेवायला बोलवायचं. आपली ॲपल पाय झकास झाली होती. कस्टर्डमध्ये मी साखरेऐवजी मीठ घातलं. सर रेशनच्या दिवसांतले, पानात टाकणं त्यांना माहीतच नव्हतं. अख्खा वाडगा संपवला, तोंड पुसलं आणि मग विचारलं, "हे कोणी केलं?" मी तोंड उघडणार तोच तू टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिलास आणि म्हणालीस, "मी, सर."

सोमवारी इन्फर्मरीत, त्या मोठ्या इस्पितळात, शिकाऊ नर्स म्हणून माझी निवड झाल्याचं कळलं. माझा सावत्र बाप मला लोकांकडे धुणीभांडी करायला पाठवणार होता, ते टळलं. "तू का नाही गं नाव दिलंस?" असं मी विचारलं, तेव्हा म्हणालीस, "छे बाई, रक्त बघितलं की मला भोवळ येते. मिलच बरी." मी खुशाल विश्वास ठेवला. त्या मागांच्या खडखडाटात तुझे कान गेले.

गेल्या आठवड्यात त्या शुक्रवारचं पान सापडलं. 'इन्फर्मरीसाठी दोन नावं. मॅविस एंट्विसल, डोरीन क्रॉम्प्टन. मॅविसला सकाळी सांगितलं, फार हरखली. डोरीनला जेवणानंतर सांगेन.' आणि खाली दुसऱ्या शाईत, 'मॅविसचं नाव खोडलं. जिला मीठ-साखर ओळखता येत नाही, तिच्या हाती औषधं देणं धोक्याचं.'

म्हणजे मीठ स्वतःच्या अंगावर घेतलंस तेव्हा आपली निवड झाल्याचं तुला माहीत होतं. आणि माझ्या घरी काय चाललंय, तेही फक्त तुलाच माहीत होतं. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी वॉर्डात असायचे आणि तिच्या जखमा तू धुवायचीस. तेव्हा नाही आली ती भोवळ कधी! नर्स म्हणवणाऱ्या मला एवढंही कळू नये. परवा ते पान मांडीवर घेऊन मी खूप रडले, मॅविस. माझं अख्खं आयुष्य तू मला दिलंस आणि मी साधं 'थँक यू'सुद्धा म्हटलं नाही. आज म्हणते.

पुस्तिका शुक्रवारी छापायला जाईल. त्यात मी लिहिलंय, 'कस्टर्डमध्ये मीठ डोरीनने घातलं होतं.' "कशाला उगीच उकरतेस?" म्हणशील. पण मी परवानगी मागत नाहीये, कळवतेय. पाडण्याआधी रविवारी आपल्याला त्या खोल्या बघू देणार आहेत. नक्की ये. कस्टर्ड मी आणणार आहे. या वेळी टेबलाखालून कितीही पाय दे, कोणी केलं विचारलं की मीच सांगणार.

तुझीच, सगळ्या अर्थांनी,
डोरीन