गच्चीवरच्या टमाटरांची मर

शंकर नगर, रायपूर

प्रिय संघर्ष,

सप्रेम जयभीम. तुझी कंबर आता कशी आहे? तुझ्या सेवेला नागपूरला आलेली तुझी ताई (म्हणजे आमची अंजना) मजेत असेलच. मीही ठीक आहे. माझं वरण हळूहळू वरणासारखं लागू लागलंय.

गच्चीचं मात्र सांगायला हवं. तुझ्या आई गेल्या, पण त्यांच्या हातच्या बियांची टमाटरं ताई दरवर्षी लावते, हे तुला ठाऊक आहे. निघताना ती एवढंच म्हणाली, "घर पडलं तरी चालन, माही झाडं सांभाळजा." आता मी पाणीपुरवठा खात्यात जन्म काढलेला माणूस. थेंब वाया गेला तर मला जेवण जात नाही. एका कुंडीखालच्या थाळीत झिरपलेलं पाणी मी दुसरीत ओतायचो, दुसरीचं तिसरीत. मग एका झाडाने भर दुपारी मान टाकली. पानं हिरवीगार, पिवळेपणा नाही, डाग नाही. संध्याकाळी ते पुन्हा उभं राही, आणि ताईचा व्हिडिओ कॉल संध्याकाळीच येतो, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. तहान लागली असेल म्हणून मी पाणी वाढवलं. पुढे ते संध्याकाळीही उठेना, आणि त्याच्यामागोमाग सगळी रांग आडवी झाली.

शेजारच्या चेतना दीदी कृषी महाविद्यालयात शिकवतात. त्यांनी बुंध्याजवळचं खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगायला लावलं. "अंकल, हिलाना मत, बस देखते रहो." थोड्या वेळाने कापल्या जागेतून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात उतरू लागला. (मी कौतुकाने बघत होतो.) ही जिवाणूंची मर, त्या म्हणाल्या, औषध नाही, माती बाद, आणि रोग पाण्यातून पसरतो. "एक गमले का पानी दूसरे में किसने डाला?" मी टाकीकडे बघत राहिलो.

हल्ली मी कॉल दीदींच्या गच्चीवरून घेतो. त्यांची टमाटरं छान लाल झालीत. ताई म्हणते, "बरं जमून राहिलं तुम्हाले."

तुझा भाऊजी,
गुलाबराव

ता. क. – मुख्य गोष्ट राहिलीच. कंबर इतक्यात बरी करू नकोस. ताईला आणखी महिनाभर ठेवून घे, आणि आईंच्या बिया तुझ्याकडे उरल्या असतील तर गुपचूप पाठव.

ता. क. २ – वरचं विसर. आज तिने टमाटरांचं विचारलंच नाही. म्हणाली, "तुम्ही काहून वाळून राहिले?" तिच्यावाचून मला करमत नाही, झालं. उद्याच्याच गाडीने तिला पाठव, टमाटरांचं मी स्वतः सांगतो. फक्त कंबर दुखली तरी तूही सोबत ये. तुझ्यासमोर ती मला जरा कमी बोलते.