पुढच्या फोर्कचं तेल

१८ जाने. ९७, शनिवार
जेवताना बाबांनी सांगून टाकलं, गाडी विकायची. पुढच्या रविवारी आणंदहून गिऱ्हाईक येणार. बाबांच्या मांडीचं हाड मोडल्याला आठ महिने झाले, तेव्हापासून मोटरसायकल खाली पार्किंगमध्ये झाकून उभी. पाटबंधारे खात्यातल्या प्रत्येक रजेत बाबांनी हिच्यावरून सौराष्ट्र पालथा घातला. मला गिअर टाकायला हिच्यावरच शिकवलं. जेवण होताच मी किल्ली मागून घेतली.

१९, रवि
चालवून पाहिली. ब्रेक लावला की पुढून एकदम खाली बसते, खड्ड्यात हँडलला दणका. सुभानपुऱ्यात रमेशभाईंच्या गॅरेजात नेली.
"बेन, फोर्कमां तेलज नथी रह्युं. मूकी जाव, पंदर दिवस लागशे."
ठेवून जा म्हणे, पंधरा दिवस कुठून आणू? परत घरी, मांजलपूरला. फोर्कचं, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन दांड्यांतलं, तेल मीच बदलणार.
बाबा : "तुला नाही जमणार."

२२, बुध
शाळेतून येऊन सुरुवात. इंजिनाखाली लाकडी खोकं, पुढचं चाक अधांतरी. फोर्कच्या दोन्ही पायांचे खालचे स्क्रू जाम. रॉकेल घातलं, वाट पाहिली, पुन्हा घातलं. डावा सुटला. उजव्याची खाचच झिजून गेली. बोटं सोलली. रडू आलं. आईला दिसू दिलं नाही.

२३, गुरु
पार्किंगमध्ये वाकून बसले होते, मागे काठीचा आवाज. बाबा. दोन मजले एकटे उतरून आले, हाड मोडल्यानंतर पहिल्यांदाच! वॉचमनच्या खुर्चीवर बसले.
"छिन्नी घे. कडेला लाव, तिरकी. शांतीथी."
तिसऱ्या ठोक्याला स्क्रू फिरला. करडं, पाणचट तेल, कुबट वास. हँडल दाबून दाबून शेवटचा थेंब काढला. नवा स्क्रू बाबांच्या डब्यात निघाला.

२४, शुक्र
शाळेच्या प्रयोगशाळेतलं मोजपात्र आणलं. डावीकडे वरून दोनशे मिली ओतलं, सगळं खालून फरशीवर. वायसर लावायचा विसरले होते. आणि विज्ञान शिकवते मी! बाबा इतके हसले की ठसका लागला. राग यायला हवा होता, नाही आला.
पुन्हा केलं. दोन्हीकडे अगदी सारखं, बाबांनी मोजपात्र डोळ्यांसमोर धरून खात्री केली. वरचे बोल्ट आवळले. हँडल दाबलं : सावकाश खाली, सावकाश वर. खडखड नाही.
बाबा नुसते "हं" म्हणाले. त्यांचं "हं" मला कळतं.

२६, रवि
गिऱ्हाईक दहाला हजर. सोसायटीला चक्कर मारून आला. "सरस छे, काका. लई जाऊं?"
बाबा म्हणाले, "मुलीला विचारा. गाडी तिची आहे."
मी त्याच्या हातातून किल्ली घेतली. म्हटलं, "नथी वेचवी."
गाडी न घेताच चहा पिऊन गेला बिचारा. आईने त्याला वर चिवडाही बांधून दिला.

२ फेब्रु., रवि
बाबा मागे, काठी कॅरिअरला बांधलेली. पावागढच्या पायथ्यापर्यंत. हालोलच्या अलीकडे रस्ता पार उखडलेला, तरी हातांना धक्का नाही. मागून दोनदा, "अजून जाऊ दे ने."
टपरीवर चहा घेताना विचारतात, "भूज किती पडेल इथून?"
"डॉक्टर हो म्हणाले पाहिजेत."
"मग विचार ना त्यांना."
उद्या शाळा सुटल्यावर जाते. काय म्हणतात कोण जाणे. मोठ्या बाईंच्या नावे रजेचा अर्ज मात्र आत्ताच लिहून ठेवला.