अविनाशसाठी फुलं

रवि. ९ सप्टें. २००७, कॅरी, अमेरिका

ईशाशी फोनवर भांडण. म्हटलं, ट्रिप कॅन्सल करते. तिकडून, तिच्या युनिव्हर्सिटीच्या गावाहून, हुकूम: "आई, यू आर गोइंग. दॅट्स इट." एकवीस वर्षांची पोर.

बोट जानेवारीत बुक केली होती, दोघांसाठी. क्रोएशियाचा किनारा, शिडाचं जहाज, बरोबर गाइड. लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून. मार्चमध्ये पिस्कॅटवेहून अविनाशचा फोन. "मी परत कॅरीला येत नाहीये, शुभदा. मला इथे एकट्याला बरं वाटतं." नोकरीसाठी तिकडे दुसऱ्या राज्यात गेला होता, दोन वर्षं झाली. दुसरी कुणी असती तर तिला शिव्या तरी घातल्या असत्या. कुणी नाही. नुसतं मी नसले की बरं वाटतं.

आज मंडळात गणपतीची मीटिंग. कुलकर्णी काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "अविनाश येणार ना गं आरतीला?" "प्रोजेक्ट वाढलाय, काकू." मार्चपासून वाढतोच आहे. घरी आले आणि गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहिले.

शनि. २२ सप्टें., स्प्लिट

पोचले. बॅगही पोचली, नवल. गावाच्या मधोमध रोमन बादशहाचा राजवाडा, पण त्याच्या भिंतींत लोक संसार करतात. बादशहाच्या खिडकीत चड्ड्या वाळत होत्या. आवडलं.

जहाज लाकडी, दोन डोलकाठ्यांचं. वीसेक जण, जवळजवळ सगळे अमेरिकन, जवळजवळ सगळी जोडपी. गाइड इवाना, चटपटीत, पहिल्याच दिवशी सगळ्यांची नावं पाठ. माझं "शूबा" झालंय. केबिनमध्ये दोन उशा, दोन टॉवेल, हंसांसारखे घडी घालून ठेवलेले. एक हंस मोडला आणि कपाटात टाकला.

रवि. २३ सप्टें., समुद्रावर

आज शिडं उभारली. सगळ्यांनी मिळून दोर ओढायचा. माझ्या पुढे डॉरथी म्हणून एक बाई, पासष्टीच्या पुढची, पण हिसका असा की मीच तिच्या मागे फरफटले. मग कप्तानाने इंजिन बंद केलं. एकदम फक्त पाण्याचा आवाज. किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

जेवताना तिच्याच शेजारी बसले. बरोबर तिची बहीण कॅरल. डॉरथी राहते कुठे? रॉलीत! माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. एवढ्या लांब येऊन शेजारीण भेटली म्हणून आम्ही हसलो. तिचा नवरा बिल, नेव्हीतला, गेल्या वर्षी वारला. दोघं मिळून इथे यायचं ठरलं होतं. मग म्हणाली, "अँड युअर हजबंड?"

मी म्हटलं, "ही इज गॉन."

मला म्हणायचं होतं, गेला. निघून गेला. पण आपलं "गेला" जसं दोन्ही अर्थांनी जातं तसंच ते इंग्रजीतही गेलं. डॉरथीने तोंडावर हात ठेवला. "ओह, हनी." एक हात तिने धरला, दुसरा कॅरलने.

तिथल्या तिथे सांगायचं होतं, नाही हो, तसं नाही. केवढंसं वाक्य. मी मान खाली घातली आणि मासा खाल्ला.

मंगळ. २५ सप्टें., ह्वार

बोटीवर सगळ्यांना कळलंय. नाश्त्याला टेक्सासच्या काकांनी उठून खुर्ची दिली. कप्तान, जो कुणाशी बोलत नाही, त्याने मला पुढे सुकाणूजवळ बसवलं.

आज इवाना सगळ्यांना वरच्या किल्ल्यावर घेऊन गेली. डॉरथीचा गुडघा दुखतो, म्हणून आम्ही दोघी खाली चौकात कॉफी पीत बसलो. तिने विचारलं, कशाने? "हार्ट." माझ्या तोंडून इतकं पटकन आलं की मीच दचकले. "सडन?" "सडन." मग सांगत सुटले. सकाळी चहा तोच करायचा. आलं किसताना बोटं सोलून घ्यायचा. गाडीत बेसूर गायचा. सगळं खरं. एवढं एक सोडून.

आणि रडले. चांगली हुंदके देऊन. मार्चनंतर पहिल्यांदा कुणासमोर.

नवरा सोडून गेला म्हटलं की लोक विचारतात, का? वारला म्हटलं की जवळ घेतात.

नागपूरला आई त्याच्या वाढदिवसाला अजून देवापुढे दिवा लावते. जिवंत माणसाबद्दल आपल्या लेकीने हे असं...

नको.

गुरु. २७ सप्टें., कोर्चुला

उद्या सांगते, उद्या सांगते करत आज मोठं होऊन बसलंय. डॉरथीने खरं कारण सांगितलं. ती आली आहे ती बिलसाठी समुद्रात फुलं सोडायला. कप्तानाला विचारून ठेवलंय. आणि: "वी विल डू इट फॉर युअर्स टू, शूबा. टुगेदर."

म्हटलं, नको, आमच्यात असं नसतं. तर इवाना मध्येच, "पण मी इंडियाचे फोटो पाहिलेत, नदीत फुलं, दिवे!"

गावातून जास्वंदीसारखी कसली तरी लाल फुलं आणि रोझमेरी आणली. कॅरलने दोन सारखे गुच्छ बांधले. दुपारभर मी तापाचं सोंग करून पडून राहावं का याचा विचार करत होते.

शुक्र. २८ सप्टें., म्ल्येतजवळ

झालं.

सकाळी, नाश्त्यानंतर. शिडं उतरवली. सगळे डेकवर, टोप्या काढून. पहिल्यांदा डॉरथी. बिलबद्दल दोनच वाक्यं बोलली, आवाज न हलता, आणि फुलं सोडली. मग माझ्याकडे वळले सगळे.

नुसतं नाव घेतलं. "अविनाश."

टेक्सासच्या काकूंनी हळूच विचारलं, त्या नावाचा अर्थ काय? मला दुसरं काही सुचेना. खरा तोच सांगितला. ज्याचा नाश होत नाही तो. काकूंना हुंदका फुटला. काकांनी चष्मा काढला. मला हसू येत होतं, भयंकर, पोटातून. ते दाबताना खांदे हलले आणि त्यांना वाटलं... डॉरथीने मला घट्ट धरून ठेवलं.

फुलं बुडाली नाहीत. बोटीला चिकटून तरंगत राहिली. कप्तानाने शेवटी बांबूने ढकलली.

दुपारी लक्षात आलं, कालपासून पितृपंधरवडा लागलाय. तिकडे तो पिस्कॅटवेत उठून सीरियल खात असेल.

रवि. ३० सप्टें., कॅरी

परत. दुब्रोव्हनिकचे तट पाहिले, एवढंच आठवतंय. विमानतळावर डॉरथीने नंबर घेतला. "नाऊ यू हॅव मी." मी पण म्हटलं, हो, नक्की भेटू. म्हणताना खरंच वाटत होतं.

शनि. १३ ऑक्टो.

ईशा सुट्टीला आली. मी किराणा आणायला गेले होते. परत आले तर दारातच उभी, पांढरीफटक, हातात फोन.

मी नसताना डॉरथीचा फोन आला होता. ईशाने उचलला. डॉरथी म्हणाली, तू लेक ना, तुझ्या बाबांचं ऐकून फार वाईट वाटलं, ही मस्ट हॅव बीन अ वंडरफुल मॅन. ईशाला वाटलं आत्ताच काही झालं आणि आई सांगत नाहीये. फोन आपटला आणि बाबाला लावला. तो उचलेना. पुन्हा, पुन्हा. लाँड्रीत होता म्हणे. तोवर पोरगी किचनच्या फरशीवर बसून...

मग तो बोलला, तेव्हा हिने डॉरथीला उलट फोन केला आणि सांगितलं, माझा बाप ठणठणीत आहे, तुम्ही कोण?

"आई, व्हॉट डिड यू डू?"

सांगितलं सगळं. हसेल असं वाटलं होतं का मला? ती हसली नाही. म्हणाली, "मंडळात तो प्रोजेक्टवर. बोटीवर तो डेड. व्हाय कान्ट ही जस्ट बी डिव्होर्स्ड, आई?" खोलीत गेली. भाजीच्या पिशव्या ओट्यावर तशाच. आइस्क्रीमचं पाणी झालं.

रवि. १४ ऑक्टो.

अविनाशचा फोन. घ्यायचा नव्हता, ईशाने हातात दिला.

"मला मारलंस म्हणे."

मी दुसऱ्या हाताने ओटा पुसायला लागले.

"कशाने?"

"हार्टने."

"बरं केलंस. पटकन सुटलो." हसला. तेच हसणं. त्याने ओरडायला हवं होतं. मग, "रडले का लोक?"

"हो."

"तू?"

मी फोन ईशाला परत दिला.

शनि. २० ऑक्टो.

आठवडाभर डॉरथीला फोन करायचा म्हणून उचलला आणि ठेवला. आज सरळ गाडी काढली. ईशा जाताना एवढंच म्हणाली होती, "गो इन पर्सन." बाकी माझ्याशी धड बोलली नाहीच.

डॉरथीने दार उघडलं. आत घे म्हणाली नाही, पण बाजूला झाली. बसले. भिंतीवर बिल, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, कान मोठे. मी बोलायला लागले. इंग्रजीत आमचं "गेला" कसं, ते सांगायला लागले. तिने हात वर केला.

"डोंट. ते पहिल्या दिवशीचं होतं. त्यानंतर पाच दिवस होते तुझ्याकडे."

खरं आहे.

मग म्हणाली, आणि हे मी जसंच्या तसं लिहून ठेवते: "तू घटस्फोट म्हणाली असतीस तरी मी तुझा हात धरला असता. मला राग त्याचा नाही. बिलला मी एकदाच निरोप देणार होते. त्यात मी तुला घेतलं. आता ते आठवलं की मला मूर्खासारखं वाटतं. बिल आठवत नाही, तू आठवतेस."

मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, आय नो यू आर. दारापर्यंत आली. अंगणात पानं गोळा करून ढीग केला होता, मागे घेताना माझी गाडी त्याच्यावरून गेली. थांबून नीट करावा की नको, कळेना. ती दारातून बघत होती. तशीच निघून आले.

गुरु. ८ नोव्हें.

उद्या लक्ष्मीपूजन. चकल्या मोडल्या सगळ्या. संध्याकाळी फोन, डॉरथी. हॅलो नाही, काही नाही.

"रविवारी व्हेटरन्स डे. मला बिलच्या थडग्यावर जायचंय. कॅरल परत गेली. गुडघ्यामुळे मी हायवेवर गाडी चालवत नाही. तू नेशील का?"

"हो."

"आय ॲम स्टिल मॅड ॲट यू."

"हो."

"नाइन ओक्लॉक." ठेवला.

तिची चर्चची माणसं आहेत, शेजारी आहेत. मला का?

रवि. ११ नोव्हें.

वेळेच्या आधी पोचले, कोपऱ्यावर थांबून राहिले. ती आली, हातात छोटा झेंडा आणि ब्रश. मी उतरून पुढचं दार उघडलं. तिने मागचं उघडलं आणि मागे बसली. टॅक्सीत बसावं तशी. पट्टा लावला.

तासाभराचा रस्ता. एक शब्द नाही. आरशात तिचा अर्धा चेहरा, खिडकीकडे वळलेला. रेडिओ लावायचीही हिंमत होईना.

तिथे, सैनिकांच्या दफनभूमीत, सगळीकडे झेंडे, कुटुंबं, पोरं पळत होती. मी गाडीपाशीच थांबले. ती गुडघा धरत खाली बसली, दगड घासला, किती तरी वेळ घासला. ओठ हलत होते. उठता येईना तेव्हा मी धावले. तिने माझ्या दंडाला धरून उठून घेतलं आणि लगेच सोडलं.

येतानाही मागेच.

तिच्या दारात गाडी थांबवली. उतरली, ब्रश पर्समध्ये घातला, माझ्या खिडकीशी आली. मी काच खाली केली.

"मी ख्रिसमसलाही जाते," म्हणाली.

मला सांगत होती की विचारत होती, काही कळलं नाही. मी म्हटलं, "ओके." ती पायऱ्या चढून गेली, कठड्याला धरत, एकेक. दार लावेपर्यंत वळून बघितलं नाही.