बार्बास्कोचं विष का मेलं

एल्विया,

तुझ्या सेराफिनमामांकडे चाललोय. कसावा उकडून ठेवलाय, दोन घास खाऊन घे.

काल मामांनी कुटलेल्या बार्बास्कोच्या मुळांचं विष नदीत सोडलं, तर मासे जरा झिंगले आणि पुन्हा पोहत निघून गेले. सगळे मामांवर तुटून पडले, "म्हाताऱ्या, हातात जोर नाही, आता कोंबड्या राख!" मीही हसलो गं. पोटुशी बाईच्या नवऱ्यानं त्या पाण्यात पाय घातला की विष मरतं, हे ठाऊक असून मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. उतरलो नसतो तर सगळ्यांना कळलं असतं.

इतक्यात कुणाला सांगणार नाही, हे तुला दिलेलं वचन आज मोडतोय. हवं तेवढं रागाव. आपलं बाळ अजून जन्मलंही नाही, आणि त्याच्यापायी मामांची मान खाली गेलीय.

वेनान्सियो