आईने फोन मोकळा केला

बुधवार, दिवेलागण, सातपाटी

घरच्या कॉम्प्युटरवर आईच्या फोनमधले फोटो जपायला कुठलं सॉफ्टवेअर टाकायचं, यात मी महिना घालवला. शेवटी चेहरे ओळखणारं घेतलं, गेलेल्या बाबांचे फोटो एका जागी मिळतील म्हणून. एक सेटिंग मात्र न वाचताच चालू ठेवलं: फोनवरून पुसलं की इथूनही पुसायचं.

आई गिऱ्हाइकांना रोज पापलेटचे फोटो पाठवते. आज तिचा फोन भरला. "सगले पुसले मी," ती हसत म्हणाली, "तुज्याकडं हायत ना!"

सॉफ्टवेअरच्या चेहऱ्यांच्या यादीत बाबांचं नाव आहे, पुढे शून्य. होडीवरचा तो हसरा फोटोही गेला? कॉम्प्युटरवरची कचरापेटी उघडायची हिंमत होत नाही. तिथेही नसला तर?

बाहेरून आई विचारतेय, "वर्षश्राद्धाला त्यांचा होडीवरचाच फोटो लावूया ना गो?"

मी हो म्हटलं.